पुठ्ठ्यांची माळ आणि सुताची मोजणी

संगणकाच्या इतिहासाची प्रचलित गोष्ट फ्रान्समधल्या ल्यों शहरापासून सुरू होते. जोसेफ मारी जेकार्ड या कारागिराने १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. त्या पुठ्ठ्यांवरून इंग्लंडात चार्ल्स बॅबेजला यंत्राला आज्ञा देण्याची युक्ती सुचली, अमेरिकेत हर्मन होलेरिथने भोके पाडलेल्या कार्डांवर जनगणना मोजली, आणि तिथून ही रांग आजच्या संगणकापर्यंत येऊन पोचते. सोलापूरच्या वाचकाला ही गोष्ट जवळची वाटते आणि वाटायलाच हवी, कारण पुठ्ठ्यांच्या त्या माळा या शहराने केवळ चित्रात पाहिलेल्या नाहीत. जेकार्ड चादर ही सोलापूरची देशभरची ओळख आहे. भौगोलिक मानांकनाची नोंदणी देशात सुरू झाली तेव्हा अगदी पहिल्या काही नावांत, २००५-०६ साली, सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल ही दोन नावे होती. तेव्हा संगणकाचा पूर्वज आमच्या पेठेतल्या मागावर होता असे कुणी अभिमानाने म्हटले तर ते चूक नाही. माझे म्हणणे एवढेच की ते अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग सोलापूरच्या इतिहासासाठी अधिक मोलाचा आहे. पुठ्ठ्यांच्या माळेत यादी होती, मोजणी नव्हती. कोणते धागे उचलायचे हे पुठ्ठा सांगे. किती झाले हे त्याला सांगता येत नसे. मोजण्याचे काम मागाच्या भोवती, माणसांच्या हातांत होते, आणि त्यातले पुष्कळसे हात बायकांचे होते. यंत्राची वंशावळ लिहिताना यादी तेवढी लक्षात राहिली आणि मोजणी गळून पडली.

यादी करणे आणि मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत हे आजच्या संगणकावरही स्पष्ट दिसते. युनिक्स प्रणालीत एखाद्या फोल्डरमध्ये किती फाइली आहेत हे विचारायचे तर रूढ रीत दोन आज्ञांची आहे. ‘एलएस’ ही आज्ञा फाइलींची नावे एकाखाली एक मांडते आणि थांबते. ‘डब्ल्यूसी’ ही दुसरी आज्ञा पुढ्यात आलेल्या ओळी मोजते. त्या ओळी कशाच्या आहेत याच्याशी तिला कर्तव्य नसते. दोहोंच्या मध्ये एक उभी रेघ घालतात, तिला ‘पाइप’ म्हणतात, आणि तिच्यामुळे पहिलीची यादी परस्पर दुसरीच्या हाती पडते. बेल लॅब्जमधले डग मॅकिलरॉय या जोडणीचा आग्रह १९६४ पासून धरून होते. १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी ती प्रत्यक्षात आणली. यातली खरी गोम अशी की आलेला आकडा खरा की खोटा हे मोजणाऱ्या आज्ञेवर फारसे अवलंबून नसते. लपवलेल्या फाइली धरायच्या का, आतल्या फोल्डरांत उतरायचे का, फोल्डर हाही एक नग मानायचा का, हे यादी करतानाच ठरते. तिथे गफलत झाली तर बेरीज बिनचूक असूनही उत्तर चुकते. सोलापूरच्या मागांचा आणि मागावरच्या माणसांचा इतिहास वाचताना हा फरक हाताशी ठेवला, तर एरवी सुटून जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी दिसू लागतात.

जेकार्डची पेटी मागाच्या वर, विणकराच्या डोक्यावर बसवलेली असते. तिच्यात आडव्या सुया आणि उभे आकडे अशा जोड्या असतात. प्रत्येक आकड्याला खाली दोऱ्या आणि त्या दोऱ्यांत ताण्याचे धागे ओवलेले. चौकोनी रुळावरून एक पुठ्ठा फिरून समोर येतो आणि सुयांवर दाबला जातो. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा आकडा जागेवर राहतो, वर सरकणाऱ्या पट्टीत अडकतो आणि धागा उचलला जातो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, आकडा पट्टीवरून सुटतो आणि धागा खाली राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांच्या फटीतून धोटा जातो, फणी आपटते, कापड एका आडव्या धाग्याने वाढते. मग पुढचा पुठ्ठा. पेटी ४०० आकड्यांची असेल तर प्रत्येक पुठ्ठ्यावर ४०० जागांबद्दल ‘उचल’ किंवा ‘राहू दे’ असा निर्णय नोंदलेला असतो. मोराची मान असो, वेलबुट्टी असो की काठाजवळ विणलेले कारखान्याचे नाव, मागाच्या लेखी सगळे सारखे. नाव विणताना ते नाव आहे याचा त्याला पत्ता नसतो, आणि हा कितवा पुठ्ठा चालला आहे याचाही नसतो. क्रम असतो तो पुठ्ठे ज्या दोरीने एकमेकांना बांधले आहेत त्या दोरीत. म्हणूनच पुठ्ठे पाडणारा कारागीर त्यांच्यावर क्रमांक टाकून ठेवतो. ते ओवणाऱ्या माणसाने वाचायचे असतात, यंत्राने नव्हे. चूक झाली आणि दोन आडवे धागे उसवावे लागले, तर माळही दोन पुठ्ठे मागे फिरवावी लागते. दोन की तीन, हे विणकराने ध्यानात ठेवायचे.

मग मोजणी होती कुठे? पहिले उत्तर सुतात आहे, आणि ते आपल्याला गिरण्यांकडे नेते. १८६० मध्ये आगगाडी सोलापूरला पोचली आणि १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग गिरणी सुरू झाली, जिला शहर पुढे जुनी मिल म्हणू लागले. शतक संपता संपता आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्यांची त्यात भर पडली. गिरणीचे सूत नंबरावर विकले जाते, आणि नंबर ही शुद्ध मोजणी आहे. दीड वार परिघाच्या रहाटावर सुताचे ८० फेरे घेतले की १२० वार होतात; असे सात भाग मिळून ८४० वारांची एक लडी. एका पौंडात अशा जितक्या लड्या बसतील तितका सुताचा नंबर. २० नंबरचे सूत म्हणजे पौंडात २० लड्या, लांबीने १६,८०० वार. दहा पौंडी बंडलात त्याच्या २०० लड्या भरायला हव्यात. हातमागावाल्याला हे गणित तोंडपाठ असणे भाग होते, कारण फसवणुकीची जागा याच गणितात होती. लडीच्या प्रत्येक भागात ८० ऐवजी ७६ फेरे घेतले, तर वजन तेच राहून लड्यांची संख्या वाढते आणि २० नंबरचे सूत २१ नंबरचे म्हणून, म्हणजे अधिक बारीक आणि अधिक महाग म्हणून खपवता येते. तराजू ही लबाडी पकडू शकत नाही. ती पकडायची तर लडी सोडून फेरे मोजावे लागतात, आणि ते काम घरात रहाटावर बसलेल्या बाईचे. कापडाच्या बाबतीत ही काळजी सरकारनेही घेतली होती. १८८९ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्याने गिरणीच्या ताग्यावर त्याची लांबी वारांमध्ये छापणे बंधनकारक केले. मोजणीवर बाजार किती अवलंबून होता हे त्या शिक्क्यावरून कळते.

दुसरे उत्तर ताण्यात आहे. साठ इंच रुंदीची चादर आणि इंचाला चाळीस उभे धागे असे धरले, तर २,४०० धागे एका लांबीचे, एका ताणाचे, एका क्रमाने तयार करावे लागतात. जेकार्डच्या पेटीत कितीही सुंदर नक्षी भरलेली असो, ताण्यात दहा धागे कमी पडले किंवा रंगाचा पट्टा चार धाग्यांनी सरकला, की पुठ्ठ्यांची आज्ञा चुकीच्या धाग्यांना लागू होते. यंत्र निमूटपणे ती पाळते आणि सबंध चादर बिघडते. फणीच्या घरांतून धागे ओवताना एका घरात किती, किनारीला किती, हे बोटांवर मोजले जाते. बाण्यासाठी कांड्या भराव्या लागतात. किती कांड्यांत किती चादरी निघतील याचा अंदाज चुकला तर माग रिकामा उभा राहतो किंवा सूत अंगावर पडते. काठाची नक्षी वेगळी आणि अंगाची वेगळी असेल तर दोन माळांची पाळी येते, आणि अंगाची नक्षी किती वेळा फिरली की काठाची माळ लावायची, ही पुन्हा मोजणीच. पुठ्ठ्यांकडून यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. वर यादी आणि खाली मोजणी, अशी कामाची वाटणी मागाच्या रचनेतच होती.

या वाटणीला सोलापुरात माणसांचीही एक वाटणी येऊन मिळाली. शहराच्या पूर्व भागात वसलेला पद्मशाली समाज तेलंगणातून, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखातून आला. दुष्काळ, तिकडचा मोडकळीला आलेला धंदा आणि इकडची वाढती बाजारपेठ ही त्या स्थलांतरामागची कारणे. घरात तेलुगू, बाजारात मराठी, असा त्यांचा संसार आणि व्यवहार पिढ्यानपिढ्या चालला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सोलापूरचा हातमाग मुख्यतः लुगडी विणत होता. स्वतःच्या घरी स्वतःच्या मागावर बसणारा विणकर हळूहळू मागे पडून कारखानदार आणि त्याच्या छपराखाली मजुरीवर विणणारे असामी अशी रचना इथे वाढीला लागली. धावता धोटा आला, मग काठाची नक्षी उचलणारी डॉबी आली. जेकार्ड चादरीने सोलापूरचे नाव खऱ्या अर्थाने गाजवले ते स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत, यंत्रमाग वाढत गेले तेव्हा. या सगळ्या बदलांत नक्षी काढणारा, आलेख कागदावर चौकटी भरणारा, पुठ्ठे पाडणारा यांचे कसब वेगळे ओळखले जाऊ लागले, आणि ते योग्यच होते. पण ताणा घालणारी, कांड्या भरणारी, लड्या उकलणारी माणसे ‘घरचीच’ धरली गेली. असाम्याला मजुरी मिळे ती विणलेल्या मालावर. त्याच्या बायकोने आणि मुलांनी भरलेल्या कांड्या त्याच मजुरीत गेल्या. यादी करणारा कारागीर ठरला आणि मोजणारी बाई मदतनीस ठरली, हा निवाडा यंत्राने केलेला नव्हता. तो हिशेबाच्या वहीत झाला.

यावर पहिला आक्षेप तंत्र जाणणाऱ्यांकडून येईल. पुठ्ठ्यांची माळ टोकाला टोक बांधून गोल केलेली असते. ४०० पुठ्ठे फिरले की पहिला पुन्हा समोर येतो. इंचाला चाळीस आडवे धागे असतील तर एक फेरा म्हणजे बरोबर दहा इंच कापड. मग ही मोजणी नव्हे काय? प्रश्न वाजवी आहे, आणि त्याचे उत्तर देताना माळेला जे जमते ते कमी लेखायचे कारण नाही. माळ पुनरावृत्ती करते, आणि पुनरावृत्ती हा मोजणीचा कच्चा माल आहे. पण फेरा पूर्ण झाल्याची नोंद माळ कुठेच ठेवत नाही. पहिला फेरा आणि नववा फेरा तिच्या दृष्टीने एकच. नऊ झाले, आता थांब, असे म्हणण्यासाठी आधीचे आठ कुठेतरी साठवलेले असावे लागतात, आणि साठवण्याची जागा जेकार्डच्या पेटीत नाही. ती विणकराच्या डोक्यात असते, किंवा कापडाला लावलेल्या सुताच्या खुणेत, किंवा वहीत. यंत्रमागावर पुढे पिक काउंटर बसवले गेले, आडवा धागा पडला की दात्यांचे चाक एका घराने पुढे सरकवणारे. ते बसवावे लागले, आणि जेकार्डच्या पेटीत नव्हे तर मागाच्या फिरत्या दांड्याशी जोडून बसवावे लागले, हाच माझ्या म्हणण्याचा सर्वांत साधा पुरावा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बॅबेज आणि होलेरिथ या दोघांनीही पुठ्ठ्यांवरच तर गणित केले; मग पुठ्ठ्यांना मोजता येत नव्हते असे कसे म्हणायचे? बॅबेजच्या घरी जेकार्डचे रेशमात विणलेले चित्र होते. १८३९ साली ल्योंमध्ये विणलेल्या त्या चित्राला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. बॅबेजच्या विश्लेषक यंत्रावर १८४३ साली टिपणे लिहिताना एडा लवलेस यांनी जेकार्डच्या मागाशी त्याची तुलना केली, आणि ती पुढे फार गाजली. परंतु त्या यंत्राचा आराखडा पाहिला तर पुठ्ठे फक्त काय करायचे आणि कोणत्या संख्येवर करायचे एवढे सांगतात. संख्या राहतात दात्यांच्या चाकांच्या उभ्या खांबांवर, आणि बेरीज-वजाबाकी होते त्याहून वेगळ्या भागात. म्हणजे बॅबेजने मागाकडून यादी घेतली आणि मोजणी दुसरीकडून, चाकांच्या जुन्या गणकयंत्रांकडून आणली. होलेरिथच्या यंत्रात तर हे आणखी उघडे दिसते. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत प्रत्येक माणसाचे एक कार्ड होते. कार्डावर पट्टी दाबली की भोकातून खिळा खाली उतरून पाऱ्याच्या वाटीत टेकायचा, विजेचे वर्तुळ पूर्ण व्हायचे आणि भिंतीसारख्या फळीवरच्या तबकडीचा काटा एका घराने पुढे जायचा. सव्वासहा कोटींच्या आसपास माणसे अशी मोजली गेली. मागाच्या पुठ्ठ्यातल्या भोकाने धागा उचलला आणि विषय संपला; होलेरिथच्या कार्डातल्या भोकाने काटा सरकवला आणि तो सरकलेलाच राहिला. दोन्ही भोके दिसायला सारखी आहेत म्हणून इतिहासकारांनी त्यांना एकाच कुळात घातले. काट्याची ती तबकडी कुठून आली हा प्रश्न मात्र अंगणात उभा राहिला.

आपल्याकडे तर ती तबकडी पुष्कळ काळ माणसेच होती. १९०१ च्या जनगणनेपासून हिंदुस्थानात चिठ्ठ्यांची पद्धत आली. गणनेच्या पत्रकावरून दर माणसामागे एक चिठ्ठी उतरून घ्यायची, धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग वेगळा ठेवायचा, मग त्या चिठ्ठ्या वय, धंदा, भाषा अशा एकेका प्रश्नाने खणांत वाटायच्या आणि प्रत्येक खणातली चळत हाताने मोजायची. यादी आणि मोजणी यांचा इतका स्वच्छ विच्छेद यंत्रातही क्वचित दिसतो. त्या जनगणनेत सोलापूर शहराची वस्ती सुमारे ७५ हजार भरली. म्हणजे या एका शहरापायी तितक्या चिठ्ठ्या कुणा कारकुनांच्या बोटांखालून गेल्या. विणकराची चिठ्ठी कोणत्या खणात पडायची, त्याच्या बायकोची चिठ्ठी ‘कमावणारी’च्या खणात की ‘अवलंबून’च्या, हे मोजणाऱ्या कारकुनाने ठरवलेले नव्हते. ते आधीच्या नियमावलीत ठरले होते. धंद्याच्या मोजणीत दिसणाऱ्या बायकांची संख्या एका जनगणनेतून दुसरीत कमीजास्त होते, तेव्हा ती बदललेल्या संसारामुळे किती आणि बदललेल्या व्याख्येमुळे किती, हे तपासल्याशिवाय त्या आकड्यांवर काहीही उभारू नये.

तिसरा आक्षेप असा की हा सगळा बारकावा झाला. सोलापूरच्या लोकांच्या जगण्याशी त्याचा संबंध काय? माझ्या मते संबंध थेट मजुरीशी आहे. ज्या धंद्यात दाम नगावर मिळतो तिथे मोजणी ही सत्ता असते. याच शहरातल्या विडीच्या धंद्यात हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. विणकरांच्याच घरांतल्या, पूर्व भागातल्या हजारो बायका विडी वळतात. त्या कामात यादी जवळपास नाहीच, सगळा खेळ मोजणीचा आहे. मजुरी दर हजारी. २५ विड्यांची एक जुडी, अशा ४० जुड्या भरल्या की हजार. कारखान्यातून तेंदूपत्ता, तंबाखू आणि दोरा घरी न्यायचा, वळलेल्या विड्या परत आणून द्यायच्या. तिथे मोजणारा बसतो आणि तो मोजता मोजता छाट काढतो, म्हणजे पसंत न पडलेल्या विड्या बाजूला टाकतो. बाईने घरी मोजून हजार आणलेले असतात. वहीवर चढतो तो छाट वजा जाता उरलेला आकडा. दोघांचीही बेरीज बरोबर असते. फरक पडतो तो ‘विडी’ म्हणून काय धरायचे या नियमात. १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याला कच्चा माल देण्यावरून आणि विड्या नाकारण्यावरून होणाऱ्या तंट्यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली, ती याचसाठी. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला आणि त्याबरोबर ओळखपत्राचा प्रश्न आला. हजारी मोजणीत रोज असणाऱ्या बाईला कामगारांच्या यादीत नाव लागण्यासाठी वेगळा झगडा करावा लागला. मोजली गेली पण यादीत नाही, अशी ही अवस्था. मागावर कांड्या भरणाऱ्या बाईच्या अवस्थेची उलटी बाजू. कांडीवाली मोजत राहिली आणि तिला कुणी मोजले नाही.

मागांच्या मोजणीकडे पाहिले तरी तीच अडचण समोर येते. सोलापूरला या बाबतीत एक भाग्य लाभले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. गिरणी, हातमाग, विडी, कुटुंबाचा जमाखर्च असे सगळे एकाच शहराच्या संदर्भात पाहणारे असे काम त्या काळी दुर्मीळ होते. पाहणी करणाऱ्याला आधी घरांची यादी करावी लागते आणि मग त्यातून नमुना काढावा लागतो. यादीतून जे घर सुटले त्याला नंतरचे कितीही चोख गणित परत आणू शकत नाही, याचे भान गाडगीळांच्या पिढीला होते. सरकारी कायद्यांत ते भान नेहमीच टिकले असे नाही. हातमागासाठी काही प्रकारचे कापड राखून ठेवणाऱ्या १९८५ च्या कायद्यात हातमागाची व्याख्या ‘यंत्रमाग नसलेला कोणताही माग’ अशी आहे. राखीव कापडांची यादी प्रथम २२ प्रकारांची होती, नंतर ती ११ वर आली. यादी निम्मी झाली त्या दिवशी एकही माग बंद पडला नाही आणि एकही नवा उभा राहिला नाही, पण कोणता माग काय विणू शकतो याचा हिशेब बदलला. ज्या शहरात एकाच गल्लीत हातमाग आणि यंत्रमाग शेजारी शेजारी चालत आणि दोन्हीकडे टॉवेल-चादरीच निघत, तिथे अशा व्याख्येचे परिणाम कागदावर राहत नाहीत.

देशभरच्या हातमाग गणना आजवर चार झाल्या: १९८७-८८, १९९५-९६, २००९-१० आणि २०१९-२०. तिसरीत विणकर आणि पूरक काम करणारे मिळून ४३.३१ लाख लोक मोजले गेले, चौथीत ३५.२२ लाख. ही घट चर्चेत आली आणि यायलाच हवी होती. पण माझ्या युक्तिवादासाठी चौथ्या गणनेतली आणखी एक ओळ महत्त्वाची आहे. त्या ३५.२२ लाखांत विणकर २६.७३ लाख आहेत आणि पूरक कामगार ८.४८ लाख. पूरक म्हणजे लड्या उकलणारे, कांड्या भरणारे, ताणा घालणारे, खळ देणारे, रंगवणारे. धाग्यांची मोजणी ज्यांच्या हातून होत आली त्यांचे स्वतःचे आकडे इथे वेगळ्या रकान्यात दिसतात. हा रकाना परिपूर्ण आहे असे मी म्हणणार नाही. जी बाई सकाळी कांड्या भरते, दुपारी विडी वळते आणि संध्याकाळी चादरींच्या किनारी शिवते, ती एका रकान्यात मावत नाही. तरीही रकाना असणे आणि नसणे यांत फार मोठा फरक आहे, कारण योजना, विमा, सुताची सवलत हे सगळे रकान्याच्या मागून येते.

यंत्राच्या बाजूने यादी आणि मोजणी एकत्र आल्या त्या फार उशिरा. १९८३ साली मिलानच्या वस्त्रयंत्र प्रदर्शनात बोनास या ब्रिटिश कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडला. पुठ्ठ्याची जागा संगणकातल्या फाइलीने घेतली आणि नियंत्रकाला आता कितवा धागा चालू आहे हे कळू लागले. काठाची नक्षी कधी लावायची, किती फेऱ्यांनी चादर पुरी होते, कोणत्या पाळीत किती धागे पडले, हे तोच सांगतो. जेकार्डच्या मागापासून इथवर यायला पावणेदोनशेहून अधिक वर्षे गेली. इतका काळ ज्या कामासाठी माणूस लागत होता, ते काम पुठ्ठ्यात आधीपासूनच होते असे मानणारी गोष्ट आपण किती सहज पुढे सांगत आलो, हे यावरून दिसते.

सोलापूरच्या वस्त्रोद्योगाची आठवण जपण्याचा विचार जेव्हा होतो तेव्हा पुठ्ठ्यांच्या माळा जपाव्यात असे सर्वांना वाटते. त्या डोळ्यांत भरतात, आणि त्यांच्यावरून नक्षी पुन्हा विणता येते. त्यांच्याइतकीच निकड कारखान्यांतल्या आणि घरांतल्या वह्यांची आहे: ताण्याला किती धागे, सुताचा नंबर काय, बंडलात लड्या किती निघाल्या, किती कांड्या दिल्या, कोणाला किती उचल आणि कोणाची किती छाट. या वह्या मराठीत आहेत, तेलुगूत आहेत, कन्नडमध्ये आहेत. त्यांचे कागद पुठ्ठ्यांपेक्षा लवकर कुजतात आणि रद्दीत जाताना त्यांच्याकडे कुणी वळून पाहत नाही. एखादा होतकरू अभ्यासक उद्या त्यांची आधी यादी करील आणि मग मोजणी करील. ती यादी करताना ‘घरचे काम’ असा शेरा मारलेली पाने त्याने बाजूला टाकू नयेत, कारण ताणा त्याच पानांवर मोजला गेलेला आहे.